नऊ नवे अक्रोड

कोणतेही शहर पाहावयाचे असेल तर आधी त्याचा बाजार पाहावा, मग देवळे पाहावीत आणि वेळ उरलाच तर राजवाडे पाहावेत, असे माझे मत आहे. राजवाड्यांत आता राजे सापडत नाहीत; बाजारात माणसे मात्र हमखास सापडतात. स्पेनमधील बार्सिलोना हे शहर आम्ही याच क्रमाने पाहिले. माझी भाची तेथे चार वर्षे शिकते आहे. तिच्या आग्रहावरून एप्रिल महिन्यात आम्ही उभयता पंधरा दिवस तिच्याकडे जाऊन राहिलो. ह्यांची सारी नोकरी नगरपालिकेच्या रस्तेखात्यातली, माझी मराठीच्या तासांतली. त्यामुळे हे खाली रस्त्याकडे पाहत चालत आणि मी वर पाट्यांकडे. मध्ये जे काही उरे ते भाची दाखवी.

रस्त्यांचे म्हणाल तर ह्यांना तेथे पर्वणीच होती. जुन्या शहराचा तट १८५४ मध्ये पाडायला घेतला, आणि १८५९ मध्ये इल्देफोन्स सेर्दा नावाच्या इंजिनियराने बाहेरच्या मोकळ्या मैदानासाठी नव्या शहराचा आराखडा केला. सगळे चौकोन सारखे, सुमारे ११३ मीटर बाजूचे. रस्ते २० मीटर रुंद. आणि चौकाचौकात चारही इमारतींचे कोपरे तिरके छाटलेले. गाडीला वळायला जागा मिळते आणि चौकात ऊनही येते. हे प्रत्येक कोपऱ्यावर थांबून मान डोलवीत. "काका, चला ना, दुकाने बंद होतील," म्हणून भाची घाई करी. कारण तेथली लहान दुकाने दुपारी दोनच्या सुमारास मिटतात ती पाचाला उघडतात, आणि रविवारी बहुतेक बाजार बंद. पुणेकराला यात नवल ते काय वाटणार!

जुन्या शहराच्या मध्यातून समुद्राकडे जाणारा, झाडांच्या सावलीचा, सव्वा किलोमीटरचा रस्ता म्हणजे रांब्ला. येथे पूर्वी पावसाळी ओढा वाहत असे. रांब्ला हा शब्दच अरबीतून आलेला, वाळूच्या जागेचा. वाळूला अरबीत 'रम्ल' म्हणतात. वाळूवर खुणा काढून भविष्य सांगण्याची विद्या ती आपली 'रमल'. एकच शब्द तिकडे रस्ता झाला आणि इकडे ज्योतिषी! हे मी उत्साहाने ह्यांना सांगितले, तेव्हा हे म्हणाले, "म्हणजे ओढा बुजवून रस्ता केला तर! मग पावसाचे पाणी कुठे काढून दिले?"

रांब्लाच्या कडेलाच बोकेरिया नावाची मंडई आहे. बाजार १८४० पासूनचा, वरचे लोखंडी छप्पर १९१४ चे. आत शिरताच डुकराच्या अख्ख्या मांड्या मीठ लावून, सुकवून ओळीने टांगलेल्या. आम्हां शाकाहारी माणसांनी तेवढी ओळ झपझप ओलांडली. पुढे मात्र डोळ्यांचे पारणे फिटले. ऑलिव्हची पिंपे, संत्र्यांच्या राशी, तांबड्या मिरच्यांच्या माळा, इवल्या डब्यांतले ला मांचाचे केशर. 'ओर्शाता' नावाचे पांढरेशुभ्र थंड पेय प्यालो. ते नागरमोथ्याच्या कुळातील एका कंदापासून करतात. पावाला तेथे नुसते 'पा' म्हणतात. त्यावर लसूण आणि पिकला टोमॅटो चोळून, मीठ भुरभुरून ऑलिव्हचे तेल सोडायचे, की झाले जेवण. अर्थात बोकेरियात आता खरेदीपेक्षा फोटोच अधिक होतात. भाची म्हणाली, "मावशी, खरा बाजार आपण घराजवळच्या मंडईत करू."

त्या मंडईत मी अक्रोड घेतले आणि माझ्या प्रवासाचे सार्थक झाले. दुकानदारीण साठीची, पदराऐवजी ॲप्रन खोचलेली. अक्रोडाला काय म्हणतात, असे मी भाचीकरवी विचारले. बाई म्हणाली, "नोउ." किती हवेत? मी बोटांनी नऊ दाखविले. ती हसून म्हणाली, "नोउ नोउस!" म्हणजे नऊलाही 'नोउ'च. मग तिने शेजारची पाटी दाखवून हा नवा माल असल्याचे सांगितले, आणि नव्यालाही 'नोउ'! आपल्या संस्कृतात 'नव' म्हणजे नऊ आणि 'नव' म्हणजे नवे. तीच गंमत हजारो मैलांवर, मंडईच्या फळीवर. 'दहा' आणि 'देव' हे दोन्ही शब्द त्या भाषेत 'देउ' असेच ऐकू येतात. मी एवढी खूश झाले की बाईने दोन अक्रोड वरती घातले. शब्दव्युत्पत्तीचा मला आयुष्यात झालेला हा पहिलाच रोख फायदा.

ही भाषा स्पॅनिश नव्हे, कातालान. लॅटिनच्या अनेक लेकींपैकी एक. स्पॅनिशची बहीण, बोली नव्हे. यादवी युद्धात, जानेवारी १९३९ मध्ये, बार्सिलोना फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडले आणि ही भाषा शाळांतून, कचेऱ्यांतून, पाट्यांवरून हद्दपार झाली. मुलांची नावेसुद्धा दप्तरात स्पॅनिशमध्येच लिहावी लागत. फ्रँको १९७५ मध्ये वारला. १९७९ मध्ये प्रांताला स्वायत्तता मिळाली आणि १९८३ च्या कायद्याने भाषा पुन्हा शाळेत आली. मधल्या काळात ती कोठे राहिली? घरात राहिली, आणि अशा मंडयांत, मापातोलाच्या बोलण्यात राहिली.

अंतोनी गौदीचे नाव त्या शहरात पावलोपावली येते. त्याचे साग्रादा फामिलिया हे चर्च १८८२ पासून बांधले जात आहे. गौदीने ते १८८३ मध्ये हाती घेतले. मधल्या मनोऱ्याची उंची त्याने १७२.५ मीटर योजिली, शेजारच्या मोंजुइक टेकडीहून किंचित कमी, कारण माणसाच्या कृतीने देवाच्या कृतीवर मात करू नये. आतले खांब झाडांसारखे वर जाऊन फांद्या फोडतात. रंगीत काचांतून आलेला उजेड त्यांवर सरकत असतो. मी गप्प उभी होते. ह्यांना मात्र बांधकामाचा नगरपालिकेचा परवाना १३७ वर्षांनी, २०१९ मध्ये मिळाला, हे ऐकून फार समाधान झाले!

मला आठवतो तो मनोऱ्याखालचा माणूस. ११ सप्टेंबर १९२४ ला, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, प्रार्थनेला जाताना पोलिसांनी त्याला अडविले. तेव्हा प्रिमो दे रिव्हेराची हुकूमशाही होती. गौदीला स्पॅनिश येत नव्हते असे नव्हे. पण तो कातालानमध्येच उत्तरे देत राहिला. त्याला काही तास कोठडीत ठेवले. दोन वर्षांनी, ७ जून १९२६ ला, ट्रामने त्याला उडविले. कपडे इतके साधे की लोकांना भिकारी वाटला. गोरगरिबांच्या सान्ता क्रेउ इस्पितळात तो १० जूनला वारला. त्याच जुन्या इस्पितळाच्या दगडी दालनांत आज कातालान भाषेचे मोठे ग्रंथालय आहे. तेथल्या अंगणात नारिंगांच्या झाडांखाली आम्ही बराच वेळ बसलो.

पण सगळे गोडच लिहिले तर ते खरे होणार नाही. आज बार्सिलोनाच्या रस्त्यावर स्पॅनिशच अधिक कानी पडते. परका चेहरा दिसला की कातालान माणूस सौजन्याने स्पॅनिशकडे वळतो. अक्रोडवाल्या बाईनेही आम्हांला पाहून स्पॅनिशच सुरू केले होते. भाचीने कातालानमध्ये उत्तर दिले तेव्हा बाईच्या चेहऱ्यावर दिवा लागावा तसे झाले. भाची म्हणाली, "मावशी, पहिल्या वर्षी मला कुणी कातालान बोलूच देईना. फार सभ्य माणसे!" मला दादरची भाजीगल्ली आठवली. समोरचा माणूस कोण हे कळण्याआधीच आपण "कैसा दिया?" म्हणतो, आणि मागाहून कळते की तो साताऱ्याचा. भाषेला बंदीहुकमाने जेवढा धोका होत नाही तेवढा या सौजन्याने होतो. हुकमाविरुद्ध निदान हट्ट तरी धरता येतो. सौजन्याविरुद्ध काय करणार?

याचे त्यांनी शोधलेले एक उत्तर २३ एप्रिलला पाहिले. तो सेंट जॉर्जचा, त्यांच्या सान जोर्दीचा दिवस. त्या दिवशी एकमेकांना गुलाब आणि पुस्तक द्यायचे. स्पेनमध्ये पुस्तकदिन १९२६ मध्ये सुरू झाला, १९३० मध्ये तो २३ एप्रिलला आणला, आणि १९९५ मध्ये युनेस्कोने तीच तारीख साऱ्या जगासाठी घेतली. सुट्टी नसते. कामावरून सुटलेली माणसे, शाळेची पोरे, हातगाडी ढकलीत आलेल्या आज्या, सगळे पुस्तकांच्या मांडवांत घुसलेले. भाषण मला एकही ऐकू आले नाही, फक्त "हे केवढ्याला?" चालले होते. मी मर्से रुदुरेदा हिची कादंबरी घेतली. परागंदा होऊन जिनिव्हात राहिलेल्या त्या बाईने ती लिहिली आणि १९६२ मध्ये, फ्रँकोच्या अमदानीतच, ती कातालानमध्ये छापली गेली. ह्यांनी मला गुलाब दिला. मी ह्यांना सेर्दाच्या आराखड्याचे पुस्तक दिले. मजकूर दोघांनाही वाचता येत नाही, पण नकाशे ह्यांना तोंडपाठ झाले आहेत.

कातालान समजणारी माणसे सारी मिळून कोटीभर. २०११ च्या शिरगणतीत मराठी मातृभाषा सांगणारे आपण आठ कोटींवर. सत्तावीस फेब्रुवारीला आपल्याकडे व्याख्याने होतात. मीही दरवर्षी देते, आणि पुढेही देईन. पण यंदा वर्गातल्या मुलांना मी एक काम सांगितले आहे. त्या दिवशी एक मराठी पुस्तक स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचे, आणि येताना मंडईत जाऊन, समोर कोणीही असो, पहिला भाव मराठीत विचारायचा. समोरच्याला नाही समजले तर पुढे हवी ती भाषा बोला. पण पहिला शब्द आपला असू द्या.