गुडघ्याखालचा हात

गुडघा बदलून घेतलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "आता किती वाकतो?" नव्वदपर्यंत गेला का, शंभर झाला का, मांडी घालता येईल का. मलाही सगळ्यांनी तेच विचारलं. सरळ किती होतो, हे मात्र एकाही पाहुण्यानं विचारलं नाही. ते रोज विचारणारी माणसं दोनच होती. एक, घरी व्यायाम घ्यायला येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी आणि दुसऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का. आज मी साताऱ्यात पोवई नाक्यापर्यंत काठीशिवाय चालत जाते ती या दोघींमुळे. त्यांच्याविषयी लिहायचं फार दिवस मनात होतं.

माझी सगळी नोकरी जावळी तालुक्यातल्या शाळांमध्ये झाली. मेढ्यापर्यंत एसटी आणि पुढे डोंगराची वाट पायी. निवृत्त झाल्यावर काही वर्षांतच गुडघे बोलायला लागले, उजवा जास्त. एक्स-रेमध्ये आतल्या बाजूची फट पार मिटलेली दिसली, हाडावर हाड टेकलेलं. ऑपरेशनचं नाव निघालं तेव्हा धीर आला तो वाजपेयींच्या आठवणीनं. पंतप्रधान असताना २००० साली त्यांच्या एका गुडघ्याचं आणि २००१ साली दुसऱ्याचं ऑपरेशन मुंबईत ब्रीच कँडी हॉस्पिटलात झालं होतं, आणि त्यासाठी न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेला हा माणूस. १९७४ च्या सुमारास जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्याबरोबर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जो कृत्रिम सांधा घडवला, त्याच धर्तीचे सांधे आजही बसवतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची ताटली आणि दोहोंच्या मध्ये पॉलिथिलिनची चकती.

दुसरा धीर आला तो पैशांच्या बाजूनं. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणानं या सांध्यांच्या किमतीला मर्यादा घातली. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा ५४,७२० रुपये ठरली, जीएसटी वेगळा. त्याआधी त्याच सांध्याला लाखाच्या वर मोजावे लागत. हॉस्पिटलचा बाकीचा खर्च होताच, पण पेन्शनवर जगणाऱ्या बाईला हा फरक केवढा असतो, हे मला सांगायची गरज नाही. ज्यांनी तो निर्णय लावून धरला त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभं केलं, दारापर्यंत चालवलं. पण खरं दुखणं घरी आल्यावर सुरू होतं, हे ज्यांनी सोसलंय त्यांना ठाऊक असेल. दिवस कसाबसा जातो, रात्र जात नाही. कुशीवर वळता येत नाही, पाय कुठे ठेवावा कळत नाही, आणि पहाटे डोळा लागतो न लागतो तोच गुडघा पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखा अडकून बसलेला असतो.

मुलाची रजा संपली आणि तो पुण्याला परत गेला त्याच दुपारी वाईहून अक्का आल्या. हातात एक पिशवी आणि तिच्यात चार लुगडी. मी बोलावलं नव्हतं. खरं तर बोलवावं असं नातं उरलंच नव्हतं. वाटण्या झाल्यापासून दोन घरांतलं येणंजाणं लग्नकार्यापुरतं होतं आणि तेही तोंडदेखलं. अक्कांनी त्यातलं एक अक्षर काढलं नाही. पदर खोचला, गॅस पेटवला आणि विचारलं, "चहात साखर घेतीस का बंद केलीस?"

पहिल्या रात्री मी कण्हायला लागले तशा त्या उठल्या आणि कपाटातली मऊ उशी आणून त्यांनी माझ्या गुडघ्याखाली सारली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! ताण एकदम उतरला. त्यानंतर ती उशी तिथून हललीच नाही. मग खुर्ची ओढून अक्का पायाशी बसल्या आणि तळव्याला खोबरेल चोळत राहिल्या. जमिनीवर बसणं त्यांनाच जमत नव्हतं. त्यांचे गुडघे माझ्या आधीपासून दुखत होते.

फिजिओथेरपिस्ट मुलगी आली ती तिसऱ्या प्रहरी. विशीतली, बारीक चणीची, पाठीला सॅक. तिनं आधी पांघरूण बाजूला केलं, उशी पाहिली, काही न बोलता ती काढून घेतली आणि टॉवेलची घट्ट गुंडाळी करून माझ्या टाचेखाली ठेवली. आता गुडघ्याखाली काहीच नव्हतं. पाय आपल्या भारानं खाली ताणला जायला लागला तशी माझ्या डोळ्यांतून धार लागली.

अक्का कडाडल्या, "अगं पोरी, एवढं ऑपरेशन झालंय तिचं. जरा निवांत पडू दे की!"

ती मुलगी चिडली नाही. मला आजही वाटतं की तिच्या जागी दुसरी कुणी असती तर "पेशंटच्या नातेवाइकांनी मध्ये बोलू नये" म्हणून मोकळी झाली असती. तिनं टॉवेल काढला, मला पाय सरळ करायला सांगितलं आणि म्हणाली, "आजी, तुमचा हात द्या." अक्कांचा हात धरून तिनं माझ्या गुडघ्याखालून आरपार घातला. गादी आणि गुडघा यांच्यामधून तो सहज पलीकडे निघाला.

"एवढी पोकळी आहे बघा. ज्या दिवशी हा हात जाणार नाही, त्या दिवशी काकू नीट चालतील."

मग तिनं दोघींना समजावून सांगितलं. ऑपरेशननंतर सांध्यात पाणी असतं, सूज असते. गुडघा थोडा वाकलेला असला की आत जागा जास्त मिळते, म्हणून तसंच ठेवावंसं वाटतं आणि उशी गोड लागते. पण तसाच ठेवला की मागच्या बाजूचं आवरण आणि शिरा आखडतात आणि पाय तेवढा वाकडाच राहतो. वाकड्या गुडघ्यावर माणूस उभा राहतो तेव्हा मांडीच्या स्नायूला एक क्षण विसावा मिळत नाही. चार पावलांत पाय भरून येतो, लंगडणं कायमचं होतं. "थोडा कमी वाकला तर खुर्चीत बसून दिवस काढता येतात, काकू. सरळ झाला नाही तर चालणंच बिघडतं."

आयुष्यभर मुलांना शिकवलं मी, पण इतकं नेमकं शिकवणं क्वचितच पाहिलं. अक्कांचं शिक्षण चौथीपर्यंत. तरी त्यांना ते पुरतं कळलं, कारण ते त्यांच्या हाताला कळलं होतं.

त्या दिवसापासून अक्का बदलल्या. सकाळ-संध्याकाळ व्यायामाच्या अर्धा तास आधी गोळी हातावर ठेवायची, दिवाणावरची गादी काढून सतरंजी घालायची, गुंडाळी टाचेखाली लावायची. "दाब खाली. मांडी कडक कर. धर. सोड." मांडीचा तो स्नायू सूज असेपर्यंत झोपल्यासारखाच असतो. मनानं हुकूम द्यावा आणि मांडीनं ऐकूच नये, अशी अवस्था. अक्का वाटीवर बोट ठेवून पाहायच्या, ती जराशी जरी वर सरकली तरी "हललं गं, हललं!" म्हणायच्या. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पंजे पुढे-मागे हलवायचे, नंतर बर्फाची पिशवी, नंतर टाच सरपटवत गुडघा वाकवायचा. आणि सगळं संपल्यावर, टॉवेल काढून, त्यांचा हात गुडघ्याखाली. तपासायला.

आधी मनगटापर्यंत जायचा. मग तळवा अडायला लागला. मग नुसती बोटं. ती मुलगी आली की आपल्या पारदर्शक कोनमापकाचे दोन दांडे मांडीला आणि नडगीला लावून अंश मोजायची आणि वहीत लिहायची. पण घरात आमचं माप अक्कांचा हातच होतं. रात्री मला उशीची इतकी आठवण यायची की मी मागायची. अक्का उठून बसायच्या, माझ्या कपाळावरून हात फिरवायच्या, तळवे चोळायच्या, पहाटेपर्यंत जागायच्या. पण उशी देत नव्हत्या. पहिल्या रात्री ज्या मायेनं त्यांनी ती ठेवली, त्याच मायेनं त्या आता ती नाकारत होत्या, आणि त्यांना ते माझ्याइतकंच जड जात होतं. अंधारात त्यांनी डोळे पुसलेले मी पाहिले आहेत. वाटण्यांच्या वेळचं माझ्या मनात जे काही साठून होतं, ते त्या रात्रींत कधी निघून गेलं, कळलंही नाही.

एका संध्याकाळी त्यांची बोटं सतरंजी आणि गुडघा यांच्यात अडकून दुखली. "आई गं!" असं त्या ओरडल्या आणि दोघी हसत सुटलो.

आता जखमेच्या बाहेरच्या बाजूचा पट्टा बधिर आहे, तिथली एक बारीक नस कापली जाते म्हणून तसं होतं. चालताना कधी आतून टक् वाजतं. गुडघा कित्येक महिने गरम लागायचा, तो निवला. खाली बसत नाही, देवपूजा स्टुलावर बसून करते. एसटीच्या उंच पायरीवर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हा त्या मुलीनं दिलेला पाठ अंगात मुरलाय. मेढ्याला जाऊन जुनी शाळाही पाहून आले.

शेवटच्या भेटीत त्या मुलीनं एक गोष्ट केली होती. निघताना तिनं अक्कांना दिवाणावर पाय पसरायला लावले आणि आपला हात त्यांच्या गुडघ्याखालून घातला. तो कोपरापर्यंत पलीकडे गेला. अक्का कितीतरी वर्षं वाकड्या गुडघ्यांवर उभ्या होत्या, आणि त्याच गुडघ्यांवर त्यांनी माझं सगळं केलं होतं. "जितका जास्त काळ वाकडा राहील, तितका नंतर सरळ करायला कठीण, आजी," एवढंच ती म्हणाली.

अक्कांनी वर्षभर टाळलं. मी मात्र पिच्छा सोडला नाही. पाऊस उघडला की त्यांच्या ऑपरेशनची तारीख घ्यायची, हे आता पक्कं झालंय. पहिले दोन-तीन महिने मी वाईला राहणार, असं मी पुतण्याला कळवून टाकलं आहे. दिवाणावरची गादी काढायला आणि जाड सतरंजी आणायलाही सांगितलंय. त्या मुलीला फोन केला. ती आता दुसऱ्या गावी नोकरीला आहे, पण सुटीच्या दिवशी वाईला यायला तयार आहे.