पिकअपची दुसरी टाकी



'माझा आवडता प्राणी', 'पावसाळ्यातील एक दिवस' असे निबंध आपण वर्गात नेहमीच लिहून घेतो. आजचा माझा विषय मात्र जरा वेगळा आहे. गाडीला दोन इंधनांची सोय असते आणि त्यातलं एक वर्षानुवर्षं वापरलंच जात नाही, तेव्हा काय होतं, हे मी घरातच पाहिलं. त्यात विज्ञान आहे, गणित आहे आणि जिवाची काळजीसुद्धा आहे. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

माझ्या धाकट्या दिरांची एक जुनी छोटी पिकअप आहे. मूळची पेट्रोलवर चालणारी. शेतमालाची भाडी मारायला पेट्रोल परवडेना, म्हणून त्यांनी तिला सीएनजी किट बसवून घेतलं आणि आरसी बुकावर तशी नोंदही करून आणली. तेव्हापासून गाडीला दोन टाक्या झाल्या. एक गॅसची जाड सिलिंडर टाकी आणि दुसरी खाली चेसिसला लटकलेली पेट्रोलची जुनी ३० लिटरची टाकी. डॅशबोर्डवर एक छोटं बटण आलं. इकडे दाबलं की गॅस, तिकडे दाबलं की पेट्रोल. भावजींचं बटण कायम गॅसवरच असायचं. पेट्रोलच्या टाकीत सात-आठ लिटर पेट्रोल होतं, ते तसंच राहिलं. "अडीनडीला आहे की," असं ते म्हणायचे. असं करता करता दीड वर्ष गेलं.

अडीनड आली ती टोमॅटोच्या हंगामात. आमच्याकडचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो. त्या दिवशी गाडीत ३५ क्रेट होते, म्हणजे सुमारे ७०० किलो माल. वाटेतल्या पंपावर गॅसला प्रेशर नव्हतं आणि रांग तर लांबच लांब. भावजींनी विचार केला, पेट्रोल आहेच. पुढे निघाले, गॅस संपला, बटण पेट्रोलवर दाबलं. गाडीने दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला बंद पडली ती पडलीच. शेवटी दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत न्यावी लागली. बाजारात पोचेपर्यंत लिलाव उरकत आले होते आणि भाव उतरला होता. माल आमच्या एकट्याचा नव्हता, शेजारच्या दोन घरांचाही होता. गाडीवर हप्ता, वर हे नुकसान. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही.

आता पेट्रोल टाकीत असूनही गाडी का चालली नाही? गॅरेजच्या मिस्त्रींनी टाकी उघडल्यावर कारण कळलं.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसतो. अनेक हलक्या-जड घटकांचं ते मिश्रण असतं. नुसतं पडून राहिलं की हलके घटक आधी उडून जातात. गाडी झटकन सुरू व्हायला नेमके तेच लागतात. उरलेल्या पेट्रोलचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन हळूहळू चिकट डिंकासारखा थर तयार होतो. हा थर जाळीत, फिल्टरमध्ये, इंजेक्टरच्या बारीक छिद्रांत बसतो. आपल्याकडच्या उन्हात हे काम काही महिन्यांतच होतं.

दुसरं कारण पाण्याचं. टाकी ३० लिटरची आणि पेट्रोल आठ लिटर, म्हणजे बाकी सगळी जागा हवेची. ही हवा दिवसा तापते, रात्री गार होते आणि तिच्यातली वाफ टाकीच्या आतल्या पत्र्यावर दवासारखी धरते. पत्रा गंजतो. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. आपल्या उसापासून इथेनॉल होतं ही चांगलीच गोष्ट आहे, पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंप इंधन ओढतो तो तळातूनच! मग इंजिनला पेट्रोल मिळायच्या ऐवजी हेच मिळतं.

तिसरं कारण त्या पंपाचंच. पेट्रोलचा विजेवरचा पंप टाकीत बुडालेला असतो. त्याला थंड ठेवण्याचं आणि वंगणाचं काम पेट्रोलच करतं. टाकी कोरडी पडली आणि पंप फिरत राहिला तर तो जळतो. काही किटमध्ये गॅसवर असताना पंप आपोआप बंद होतो, काहींत तो चालूच राहतो. आपल्या गाडीत काय आहे, हे मिस्त्रींना विचारून घ्यावं. आमच्या गाडीचा पंप चिकटून बसला होता.

मोटारसायकलवाले म्हणतील, आमचं रिझर्व्हचं पेट्रोल कसं खराब होत नाही? कारण रिझर्व्ह ही वेगळी टाकी नसते. तो त्याच टाकीचा तळ असतो आणि दर वेळी नवं पेट्रोल टाकलं की ते खालच्यात मिसळतं. दुसरी टाकी वेगळी असली की हे मिसळणं थांबतं. अमेरिकेत १९८०-९० च्या काळातल्या कितीतरी मोठ्या पिकअप गाड्यांना पेट्रोलच्याच दोन टाक्या असायच्या, पुढची आणि मागची, आणि बदलायला डॅशबोर्डवर बटण. एकच टाकी वापरायची सवय लागली की तिथेही दुसरीचं हेच होतं.

आता खरी काळजाची गोष्ट सांगते. नुकसानीनंतर दोन दिवसांनी भावजी वैतागून म्हणाले, "वहिनी, ती टाकी म्हणजे नुसतं ओझं आहे. पेट्रोल काढतो आणि टाकीच भंगारात देतो." मी शाळेतून आले तर अंगणात बादली मांडलेली, टाकीत प्लॅस्टिकची नळी सोडलेली आणि नळीचं दुसरं टोक आमच्या नववीतल्या पुतण्याच्या हातात. तोंडाने ओढून पेट्रोल काढायचं, हे गावात सगळेच करतात. मी तिथूनच ओरडले, "नळी खाली ठेव आधी!"

तो म्हणाला, "काकू, थोडंसंच तर ओढायचंय. थुंकून टाकतो ना."

मी त्याला ओट्यावर बसवून समजावलं. पेट्रोल अतिशय पातळ असतं. घोट तोंडात आला आणि ठसका लागला की ते अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरतं. थोडंसं जरी फुप्फुसात गेलं तरी आतून सूज येते, श्वास कोंडतो, जीवही जाऊ शकतो. कुणाच्या पोटात पेट्रोल गेलंच तर उलटी करवायची नाही, कारण उलटीबरोबर ते पुन्हा फुप्फुसात जायची भीती असते. थेट दवाखाना गाठायचा. पोराचा चेहरा उतरला. भावजीही गप्प झाले. त्यांचे वडीलही असंच काढायचे म्हणे, आणि काही झालं नव्हतं. पण आजवर काही झालं नाही म्हणून उद्या होणार नाही, असं थोडंच आहे?

मग मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी बॅटरीची वायर काढली, गाडी मोकळ्यावर घेतली, हातपंपाने पेट्रोल लोखंडी कॅनमध्ये काढलं. कॅन जमिनीवर टेकवून ठेवला, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडायची भीती कमी. शेजारी वाळूची बादली ठेवली. पाण्याची नाही, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. ते आंबट वासाचं पेट्रोल गटारात किंवा बांधावर ओतू न देता ते गॅरेजला घेऊन गेले.

टाकी भंगारात द्यायच्या विचारावर मिस्त्री म्हणाले, "रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, ताई." हे ऐकून मुलं चकित झाली. पण खरं आहे ते. पेट्रोलचं द्रव जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत या वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की ठिणगी पुरेशी होते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. अशी टाकी नीट साफ न करता तिला वेल्डिंग लावलं तर ती बॉम्बसारखी फुटते. म्हणून टाकी कायमची बंद करायची असेल तर ती जाणकाराकडूनच रिकामी आणि साफ करून घ्यावी, पंपाचा फ्यूज काढावा, नळ्यांची तोंडं नीट बंद करावीत. इंधनाचा प्रकार बदलत असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकावर नोंद हवीच.

शेवटी टाकी ठेवायचं ठरलं. ती साफ केली, पंप आणि फिल्टर नवीन बसवले, झाकणाचं वायसर आणि रबरी नळ्या बदलल्या. खर्च आला, पण गॅस न मिळाल्यावर रस्त्यावर अडकण्यापेक्षा तो परवडला. आणि पुढचा हिशोब मी पुतण्याकडूनच करून घेतला. तो असा:

टाकीत नेहमी १० लिटर पेट्रोल ठेवायचं. दर शनिवारी १५ किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवायची. महिन्याचे झाले ६० किलोमीटर. गाडी लिटरला १२ किलोमीटर देते. ६० भागिले १२ म्हणजे ५ लिटर. म्हणजे महिन्याला निम्मं पेट्रोल जळतं आणि ५ लिटर ताजं त्यात मिसळतं. जुनं कधी साचतच नाही. पुतण्याने डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, किती पेट्रोल टाकलं. त्याच वहीच्या पहिल्या पानावर गॅस सिलिंडरच्या तपासणीची तारीखही लिहिली आहे, कारण ती चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. एखादा शनिवार चुकला की तोच वडिलांना म्हणतो, "पप्पा, बटण!"

माझ्या चौथीच्या वर्गात मी हेच गणित दिलं आणि सोबत एक प्रयोग केला. काचेच्या ग्लासात पाणी आणि खोबरेल तेल. कोण वर, कोण खाली? मुलांनी लगेच ओळखलं. मग टाकीतलं पाणी तळाशी का जातं, हे वेगळं सांगावं लागलं नाही. (शिक्षकांनो, प्रयोगाला तेलच वापरा. पेट्रोल वर्गात आणायचं नाही.)

त्यानंतर मुलांना एकच प्रश्न विचारला: आपल्या शाळेत 'अडीनडीला' म्हणून काय काय ठेवलंय आणि त्याला शेवटचा हात कधी लागला? मुलांनीच यादी केली. अग्निशामक नळकांडं, प्रथमोपचार पेटी, ऑफिसातली टॉर्च, मागच्या दाराची किल्ली. नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात होता. पेटीतल्या मलमाची तारीख उलटून गेली होती. टॉर्चमधले सेल फुटून पाझरले होते. मागच्या दाराचं कुलूप तर तेल घातल्यावरच उघडलं. अडचणीसाठी जपलेली वस्तू अधूनमधून वापरावी लागते, तेव्हाच ती अडचणीत कामाला येते. मुलांना हे त्या कुलपापाशी उभं राहून जेवढं कळलं, तेवढं फळ्यावर लिहून कळलं नसतं.

मुलांसाठी उपक्रम: घरातल्या अशा तीन वस्तू शोधा. मोठ्या माणसांसोबत त्या तपासा आणि काय आढळलं ते पाच वाक्यांत लिहा. इंधन, गॅस आणि वीज यांना मात्र एकट्याने हात लावू नका.