मध्यंतरांतल्या पोळ्या

मार्च महिना उजाडला कीं अमेरिकेंतील आमच्या घरीं जेवणाची वेळ भुकेवर न ठरतां कॉलेजांच्या बास्केटबॉलवर ठरूं लागते. अनेक संघांची ही स्पर्धा. एकदां हरला तो संघ बाद. त्यामुळें सामना सोडून उठणें कोणासच नको असतें, आणि कणीक तर आपोआप मळली जात नाहीं!

आमच्या सूनबाई पुण्यास कॉलेजांत असतांना स्वतः हा खेळ खेळत. तरी सामन्याचीं शेवटचीं मिनिटें त्यांच्या वांट्यास कधीं येत नसत. त्या वेळीं त्या तव्यापुढें असत. ही गोष्ट प्रथम ध्यानीं आली ती आमच्या मातोश्रींच्या. पुरुषांच्या सामन्यांत २० मिनिटांचे दोन भाग, मधें विश्रांति. शिवाय जाहिरातींसाठीं खेळ वरचेवर थांबतो. मातोश्रींनीं हे थांबे आम्हां सर्वांस वांटून दिले. पहिल्यांत आम्हीं कुकर लावावा, दुसऱ्यांत चिरंजीवांनीं भाजी चिरावी, विश्रांतींत सर्वांनीं मिळून पोळ्या उरकाव्या. आणि अखेरच्या पांच मिनिटांत शेगडी बंद!

१८९१ सालीं स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ यांनीं हा खेळ काढला, तेव्हां चेंडू हातांत घेऊन पळूं नये, असा नियम केला. तो दुसऱ्याकडे द्यावा लागतो. घरकामासही हा नियम वाचकांनीं लावून पाहावा. पोळ्या थोड्या निवतात खऱ्या. परंतु शेवटचा चेंडू जाळींत पडतो, तेव्हां आमच्या घरांत सर्वांत मोठा आवाज आतां सूनबाईंचा असतो.