शेवगावचं पाणी आणि डोंगरातलं बी

मुलांनो, आमच्या शेवगावात ना उंच डोंगर, ना दाट जंगल. बाजरी, तूर, कपाशीची शेतं आणि डोक्यावर ऊन! पाऊस येतो तोही पाहुण्यासारखा, घटकाभर टेकतो आणि निघतो. मग आमच्या तालुक्याच्या कडेला नाथसागराचं एवढं पाणी पसरलेलं असतं, ते येतं तरी कुठून?

जिल्ह्याचा नकाशा काढा बरं. पश्चिमेच्या टोकाला अकोले तालुका दिसेल. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाईचं शिखर तिथलंच. तिथं रतनगडाजवळ प्रवरा उगम पावते आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरात मुळा. मुळा प्रवरेला मिळते आणि प्रवरा नेवासे तालुक्यात नाशिककडून आलेल्या गोदावरीला. हे सारं पाणी पैठणला जायकवाडी धरणात अडतं. तोच आपला नाथसागर!

म्हणजे तिथल्या जंगलाशी आपलं पाण्याचं नातं आहे. झाडांखालचा पालापाचोळा पाऊस जिरवतो, मुळं माती धरून ठेवतात. झाडं तुटली की माती वाहते आणि धरणात गाळ साचतो. या डोंगरांत १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. हिरडा, जांभूळ अशी झाडं आणि आपला राज्यप्राणी शेकरू तिथं आहे.

पण तिथं माणसंही आहेत. महादेव कोळी, ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या भात, नागली, वरई, खुरासणी पिकवतात. कुणी म्हणेल, "जंगल वाचवायचं ना? मग शेती बंद करा!" इतकं सोपं नाही ते. खुरासणीची पिवळी फुलं पाहिलीत? त्यांत दाणा भरायला मधमाश्या लागतात, आणि मधमाश्यांना राहायला जंगल. उलट, हातात आहे त्या तुकड्यात घरापुरतं पिकलं, तर नवी झाडं तोडून शेत करायची पाळी येत नाही. जंगल शेताला सांभाळतं, शेत जंगलाला.

असं पिकवायचं तर तिथल्या मातीला आणि पावसाला सरावलेलं बी हवं. ते ओळखलं अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. पण भात, वाल, घेवडा, भाज्या अशा पिकांची शंभरावर गावरान वाणं त्यांनी गोळा केली, पेरली, वाटली. बाएफ संस्थेची साथ मिळाली, घरात बियाण्यांची बँक उभी राहिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना 'बीजमाता' म्हणतात.

माझी आजीही राखेत घोळवलेलं बी गाडग्यात भरायची आणि तोंड शेणामातीनं लिंपायची. आजी गेली, आणि पाठोपाठ गाडगीही. तिच्या बाजरीचं कणीस हातभर असायचं म्हणतात, पण त्यातला एक दाणाही आता आमच्या घरात नाही. एकदा संपलेलं बी कुठल्याच दुकानात मिळत नाही, बरं का!

तेव्हा या सुट्टीत एक काम करा. आजी-आजोबांना विचारा, "तुमच्या लहानपणी शेतात काय काय होतं?" नावं वहीत लिहा. एखादं बी कुणाकडे सापडलंच, तर मूठभर मागून घ्या आणि पहिल्या पावसाला परसात पेरा. पिकल्यावर अर्धं शेजारच्या मित्राला द्या.