खांदेपालट

चालण्याचे दोन प्रकार आहेत. एक डॉक्टरांनी सांगितलेले चालणे आणि दुसरे आपल्या मनाने काढलेले. पहिल्या प्रकारात माणूस सकाळी बागेला चार फेऱ्या मारतो आणि घड्याळाकडे पाहत घरी येतो. दुसऱ्या प्रकारात तो घरच्यांचा विरोध पत्करून, रजा आणि अंथरूण दोन्ही सोडून, जिथे एस.टी. सुखाने जाते तिथे पायी जातो. आमच्या मित्रमंडळात पहिल्या प्रकारचे चालणारे चार आहेत. गेल्या आषाढात त्या चौघांनीही एकदम दुसऱ्या प्रकारात उडी घेतली. मार्ग ठरला पन्हाळगड ते विशाळगड. अंतर साठ किलोमीटरांच्या वर. वयांची बेरीज दोनशे बेचाळीस.

मंडळींची ओळख करून देतो. आम्ही सारे दादरच्या एका चाळीतले. चाळ गेली, तिथे टोलेजंग इमारत आली, पण चाळीतली टोपणनावे तेवढी आमच्याबरोबर राहिली. पहिले मास्तर. चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दुसरे डॉक्टर. हे दातांचे डॉक्टर आहेत, पण प्रवासात कुणाचे पोट दुखले की सारे त्यांच्याच तोंडाकडे पाहतात. तिसरे खजिनदार. हे बँकेत होते आणि चार आण्यांची नाणी व्यवहारातून गेली याचे दुःख त्यांना अजून आहे. चौथा मी. माझ्याकडे कोणतेच खास कर्तृत्व नसल्यामुळे सहलीची सूत्रे नेहमी माझ्याकडे येतात.

सहलीची कल्पना मास्तरांची. पन्हाळ्याचा वेढा आणि पावनखिंड हा धडा त्यांनी किती वेळा शिकवला याची गणती नाही. खिंडीपाशी आले की त्यांचा आवाज असा काही चढे की शेजारच्या वर्गातले गणित थांबत असे. पण स्वतः ते त्या वाटेने कधी गेले नव्हते. आधी संसार होता, मग परीक्षांचे पेपर होते, आणि दोन्हींतून सुटका झाली तेव्हा उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला. दीड वर्षापूर्वी त्या गुडघ्यावर छोटीशी शस्त्रक्रिया झाली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या मुलीने मला बाजूला घेतले.

“काका, बाबा लंगडायला लागले की त्यांना सरळ गाडीत बसवायचं. ते ऐकणार नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतेय.”

मी हो म्हणालो. ज्या मुलीला लहानपणी खांद्यावर बसवून गणपती दाखवले, तिला नाही कसे म्हणायचे?

महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूर आणि तिथून एस.टी.ने पन्हाळा. बाजीप्रभूंच्या पुतळ्याजवळ आम्ही उतरलो तेव्हा धुके इतके दाट होते की दोन्ही हातांत तलवारी घेतलेले बाजी आधी नुसते सावलीसारखे दिसले. मास्तरांनी पायांतले बूट काढले, पुतळ्याला नमस्कार केला आणि पुन्हा बूट घालायला खाली बसले. उठताना त्यांनी पुतळ्याच्या कठड्याला हात लावला. मी ते पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले.

पन्हाळा आता जगाच्या नकाशावर गेला आहे. २०२५ सालच्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत पन्हाळाही आहे. पण आम्हाला वारसा पाहायचा नव्हता, गड सोडायचा होता. महाराजांनी हा गड अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी घेतला. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने त्याला वेढा घातला. पावसाळा आला की वेढा ढिला पडेल हा नेहमीचा हिशेब, पण जौहरने छावणीवर छपरे घातली आणि तो बसून राहिला. राजापूरचे इंग्रजही आपल्या तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. शेवटी १२ जुलै १६६० च्या रात्री, भर पावसात, महाराज पालखीतून बाहेर पडले. बरोबर सुमारे सहाशे मावळे. दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेष केलेला शिवा काशीद. तो पकडला गेला, आणि आपण कोण हे उघड झाल्यावर काय होणार हे त्याला पालखीत बसतानाच ठाऊक होते.

हे सारे मास्तर राजदिंडीची वाट उतरताना सांगत होते. ही वाट म्हणजे पावसाने धुतलेले दगड आणि त्यांवरचे शेवाळ. आम्ही दिवसाउजेडी, नवे बूट घालून, हातात काठी घेऊन उतरत होतो आणि तरी खजिनदार दोनदा बसले. पहिल्यांदा त्यांनी “मुद्दाम बसलो” असे सांगितले. दुसऱ्यांदा काहीच सांगितले नाही.

“रात्रीची वेळ,” मास्तर म्हणाले, “पौर्णिमा खरी, पण ढगांत चंद्र कुठला दिसायला? आणि खांद्यावर पालखी!”

तुरुकवाडी गेली, म्हाळुंगे गेले. भाताच्या खाचरांत रोपलावण चालली होती. पाठीवर प्लॅस्टिकच्या खोळी घेतलेल्या बायका ओळीने वाकून रोपे लावत होत्या. त्यांच्यापैकी एकीने कंबर सरळ करून आम्हाला विचारले, “कुठं, विशाळगडाला व्हय? आनि गाडी चुकली काय?” यावर आमच्याजवळ पटण्यासारखे उत्तर नव्हते. डॉक्टर हसले आणि आम्ही चढाला लागलो.

चढ संपला आणि मसाई पठार समोर आले. मुंबईच्या माणसाला एवढी मोकळी जागा एकदम पाहायची सवय नसते. आपण कुणाच्या तरी मालकीच्या जागेत शिरलो आहोत की काय, असे त्याला वाटू लागते. जांभ्या दगडाचा सपाट माथा मैलोगणती पसरलेला, त्यावर कोवळे गवत, जागोजाग साचलेले पाणी आणि आडवा येणारा पाऊस. छत्री उघडली की ती छत्री राहत नाही, शीड होते. मधेच धुके बाजूला होई आणि खालची दरी, शेते, कौलारू वाड्या क्षणभर दिसत. मग पुन्हा कुणीतरी पडदा ओढल्यासारखे सारे नाहीसे होई. मसाई देवीच्या देवळात आम्ही डबे उघडले. थंडगार पोळी आणि लिंबाचे लोणचे यांची चव अशा वेळी जी लागते ती लग्नाच्या पंक्तीत लागत नाही.

पठारावर मास्तर आमच्या पुढे होते. सपाटीवर त्यांचे काही बिघडले नव्हते. पण पठार संपले आणि कुंभारवाडीकडचा उतार लागला. गुडघ्याची खरी परीक्षा चढात होत नाही, उतारात होते. मास्तर आधी बोलायचे थांबले. मग ते वाटेच्या कडेकडेने, उजवा पाय तिरका टाकीत उतरू लागले. मग डावा पाय आधी आणि उजवा त्याच्या शेजारी, लहान मूल जिना उतरते तसे.

खोतवाडीच्या अलीकडे एका झाडाखाली आम्ही थांबलो. निघताना खजिनदारांनी काही न बोलता मास्तरांची सॅक आपल्या छातीवर अडकवली. पाठीवर एक, पोटावर एक, असे ते पोस्टाच्या थैल्या लादलेल्या खेचरासारखे दिसू लागले.

“माझी सॅक इकडे आण,” मास्तर म्हणाले.

“अरे, पुढं जड असलं की माझा तोल राहतो. दोनदा पडलो ना मघाशी?”

“आण म्हणतो ना! मी काय पालखीत बसून आलोय?”

आवाज असा चढला होता की शेजारच्या वर्गातले गणित थांबावे. चाळीस वर्षांत मास्तर आमच्यापैकी कुणावर असे ओरडले नव्हते. खजिनदारांनी सॅक परत दिली. तिथून मांडलाईवाडीपर्यंत चौघेही एकमेकांपासून वीस-वीस पावलांवर, पावसाचा आवाज ऐकत चाललो. मला राग आला नव्हता, भीती वाटत होती. वाट निसरडी होती, पुढे ओढे होते आणि माझ्या खिशात एका मुलीला दिलेला शब्द होता. तो पाळायचा तर मास्तरांचे आयुष्यभराचे मन मोडायचे. न पाळायचा तर उद्या काय मोडेल ते सांगता येत नव्हते.

करपेवाडीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. वीस-बावीस किलोमीटर झाले होते, जुन्या हिशेबात सहा-सात कोस. एका घरी मुक्कामाचे आधीच ठरवले होते. सोप्यात घोंगडी अंथरलेली, आत चूल पेटलेली. घरातल्या आजींनी आमचे ओले कपडे पाहून पहिला हुकूम केला, “आदी चुलीम्होरं बसा, मग काय बोलायचं ते बोला.” पिठले, भाकरी, मिरचीचा खर्डा आणि वाफाळता भात. डॉक्टरांनी तिसरी भाकरी घेतली तेव्हा खजिनदारांनी वहीत काहीतरी लिहिले.

जेवणानंतर घरातले म्हातारबाबा सोप्यात येऊन बसले. वय ऐंशीच्या पुढे. मास्तरांनी त्यांना या वाटेच्या गोष्टी विचारायला सुरुवात केली. म्हातारबाबांना तारखा ठाऊक नव्हत्या, जौहरच्या छपरांची वार्ता नव्हती. सारे ऐकून घेऊन ते म्हणाले, “ते बाजीचं समद्यास्नी ठावं हाय. पर पालखी कुनी आनली, सांगा की. या चिकलातनं, या वड्यातनं. त्येंची नावं कुटं लिवल्यात?”

मास्तर गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “एका मुलानं हाच प्रश्न विचारला होता मला. वर्गात. सर, पालखी कोणी उचलली होती? मी त्याला म्हटलं, परीक्षेला येणार नाही, खाली बस.”

“किती जण हुते म्हंता?”

“सहाशे.”

“मग बराबर हाय,” म्हातारबाबा म्हणाले. “माज्या लहानपनी आजाऱ्याला डोलीत घालून मलकापूरला न्यायचं. चार गडी धरायचे, चार बरोबर चालायचे. खांदा दुकायच्या आदी बदलायचा. दुकल्यावर बदलला तर डोली पडती. एकाच खांद्यावर पालकी कदी गडाला जाती व्हय?”

एवढे बोलून ते भिंतीला धरून उठले आणि आत निजायला गेले. खांदेपालट हा शब्द आम्ही मुंबईची माणसे मंत्रिमंडळाच्या संदर्भात वाचतो. तो शब्द मुळात ओझे वाहणाऱ्यांचा आहे, हे मला त्या सोप्यात बसून प्रथमच नीट उमगले.

वाडीत मोबाइलला रेंज येते ती फक्त देवळाच्या पायरीवर, असे आजींनी सांगितले होते. मास्तरांच्या मुलीला रात्री फोन करायचा होता. मी विजेरी घेतली, रेनकोट चढवला आणि तिला काय सांगायचे ते मनात जुळवू लागलो. इतक्यात मास्तरांनी हाक मारली. ते गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते. ती आजींनी दिलेली, म्हणजे रबरी नव्हे. काचेची बाटली फडक्यात गुंडाळलेली.

“तिला सांग,” ते म्हणाले, “उद्या सकाळी मी वडापनं मलकापूरला जातो. तिथून विशाळगडाची एस.टी. धरून पांढरेपाण्याला उतरतो.”

मी काही बोललो नाही. डॉक्टरही नाही. खजिनदार पावसाकडे पाहत राहिले.

“आणि चारही सॅक माझ्याबरोबर द्यायच्या. तुम्ही मोकळ्या पाठीनं चाला. उद्याची वाट आजच्याहून वाईट आहे, ओढे आहेत. तुम्ही पांढरेपाण्याला याल तेव्हा मी तिथं चहा सांगून ठेवतो. मग तिथून खिंड जवळच आहे. ती मात्र मी चालत गाठणार. तेवढा माझा खांदा ठेवा.”

“आणि मघाशी ओरडलास ते?” खजिनदारांनी विचारले.

“ते तुझ्यावर नव्हतं, गुडघ्यावर होतं. तू मध्ये आलास.”

देवळाच्या पायरीवर उभा राहून मी मुलीला सारे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा स्वतःहून म्हणाले? काका, नक्की तुम्हीच बोलताय ना?” पाऊस देवळाच्या पत्र्यावर इतका वाजत होता की मला ‘हो’ तीनदा ओरडून सांगावे लागले.

परत आलो तेव्हा डॉक्टर घोरत होते. मास्तर भिंतीकडे तोंड करून निजले होते, पाय उशीवर ठेवला होता. खजिनदार विजेरीच्या उजेडात वही घेऊन बसलेले. मी वाकून पाहिले. दिवसाचा जमाखर्च मांडून झाला होता आणि खाली उद्याच्या खर्चाचा अंदाज होता: ‘वडाप व एस.टी. भाडे, प्रवासी एक, सॅक चार.’ त्यापुढे कुणाच्या नावावर टाकायचे त्या रकान्यात त्यांनी आधी ‘मास्तर’ असे लिहून खोडले होते आणि शेजारी लिहिले होते, ‘सर्वांच्या’.