१० डिसेंबर, रात्र

आज मानवी हक्क दिन. १९४८ साली याच तारखेला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला: बाजूने ४८ मतं, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ. टीव्हीवर सकाळच्या बातम्यांत हे दोन वाक्यांत उरकलं. दुपारच्या चर्चेत चौघं एकाच वेळी बोलत होते. बोलण्याचा हक्क सगळ्यांनी बजावला, ऐकण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही. लगेच मालिका. तिथली सून मुकाट्याने सगळं सोसते आणि पार्श्वसंगीत तिला त्यागमूर्ती ठरवतं. संध्याकाळी ओस्लोहून शांततेच्या नोबेलचा सोहळा.

रात्री मात्र चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ हा चित्रपट पुन्हा बघितला. गटारात उतरलेला एक सफाई कामगार मरतो आणि खटला उभा राहतो तो लोकशाहिरावर: म्हणे त्याच्या गाण्यामुळे आत्महत्या झाली! माणसाला सुरक्षासाधनांशिवाय गटारात उतरवणाऱ्यांचा प्रश्न बाजूलाच. तारखांवर तारखा पडत राहतात, कोणी आवाजही चढवत नाही, म्हणून ते जास्त अंगावर येतं.

सुरक्षासाधनांशिवाय असं गटारात उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. तरी मृत्यू थांबले नाहीत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागते, याचाच अर्थ माणसं अजून आत उतरवली जातात. मानवी हक्कांची परीक्षा ओस्लोच्या सभागृहात नाही, आपल्या गल्लीतल्या मॅनहोलपाशी होते. तिथे आपण नापास आहोत.