पाच इंद्रियं आणि लवंगांची डबी



पाठशाळेत आपण मुलांना स्पर्शन, रसना, घ्राण, चक्षू, कर्ण शिकवतो ते जीव ओळखण्यासाठी. मुंगीला तीन इंद्रियं, माशीला चार, आपल्याला पाच. मुलं जरा मोठी झाली की त्यांच्यावर ताबा कसा ठेवायचा ते सांगतो. पण हीच इंद्रियं चार-पाच वर्षांच्या लेकरांना धर्माच्या दाराशी कशी आणतात, ते मला आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बेने इस्रायली कुटुंबामुळे कळलं.

बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले असं ते परंपरेने मानतात. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून 'शनवार तेली'. आडनावंही आपल्यासारखीच, गावावरून. १८७४ साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या मराठी हगादा पोथीत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका चक्क साडीत दाखवल्या आहेत. पुढे बहुतेक जण इस्रायलला गेले. आता भारतात काही हजारच उरले.

समोरची पाच वर्षांची मुलगी एकदा माझ्या नातवाला म्हणाली, "शाळेत सगळ्यांचे सण असतात, माझा का नसतो?" नातू म्हणाला, "माझा पण नसतो." मी कणीक मळत होते, हात थांबला. २०११ च्या जनगणनेत आपण साधारण साडेचव्वेचाळीस लाख. त्यांच्या मानाने पुष्कळ. पण वर्गात एकटं असणाऱ्या मुलाला या आकड्याचा काय उपयोग?

तिची आई नोकरी करते, आजी इस्रायलमध्ये. मग मी म्हटलं, सांग, काय काय लागतं?

शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की ते शब्बाथला निरोप देतात. त्याला हवदाला म्हणतात. द्राक्षारसाचा पेला, सुगंधी मसाले आणि एकापेक्षा जास्त वातींची मेणबत्ती लागते. आम्ही रिकाम्या काडेपेटीला दाभणाने भोकं पाडली, आत लवंग, दालचिनी, वेलदोडे भरले. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या गरम पाण्यात मऊ केल्या आणि मुलांनी त्यांची वेणी घातली. (गरम पाणी मोठ्यांनीच हाताळायचं.) पेल्यासाठी त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे काळ्या मनुका उकळून, गाळून सरबत केलं. चव, वास, ज्योत, बोटांना लागणारी ऊब, आईच्या तोंडची प्रार्थना. पाचही इंद्रियं कामाला लागली. आमच्या नातवाचं रात्रीभोजन बंद, त्यामुळे सरबत तिचं आणि लवंगांचा वास दोघांचा.

मार्चमध्ये त्यांच्या वल्हांडणाची तयारी केली. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाकरी भाजून व्हायला हवी, नाहीतर पीठ आंबलं असं धरतात. मुलांनी घड्याळ लावून लाटायचा सराव केला. पिठात माखली, पण नियम कायमचा लक्षात राहिला. शाडूचं ताट केलं, त्यात लहान वाट्या. कडू पाल्याची, खजुराच्या चटणीची वाटी मी मुलांकडून करून घेतली. त्या ताटात भाजलेलं हाड आणि अंडंही असतं. ते मातीचंही माझ्या हातून होणार नव्हतं. यशोधर राजाने पिठाचा कोंबडा बळी दिला आणि किती जन्म भोगलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्या आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, त्या दोन वाट्या रिकाम्या ठेवा, मी घरी भरते." दोघींचंही राहिलं.

मंडळात एकीने विचारलंच, "आपल्या नातवाला दुसऱ्याचा धर्म कशाला शिकवता?" मी शिकवत नाही. तो बघतो की शेजारच्या घरातही उपवास असतो, नियम असतात, आणि ते पाळणारी मुलगी त्याच्यासारखीच वर्गात एकटी असते. अनेकांतवाद पोथीतून समजायला त्याला अजून दहा वर्षं लागतील.

शिवाय हीच रीत मी आपल्या पूजेसाठी वापरली. अष्टद्रव्यांच्या आठ वाट्या ठेवते. डोळे मिटून हाताला लागतो तो अक्षत, ओला गार थेंब ते जल, नाकाला कळतं ते चंदन आणि धूप. दीप डोळे उघडून, लांबूनच. ओळखलं की त्या द्रव्याचा अर्थ मी एका वाक्यात सांगते: जल जन्म-जरा-मृत्यू नाहीसे व्हावेत म्हणून, चंदन संसाराचा ताप शांत व्हावा म्हणून, अक्षत अक्षय पदासाठी. पूर्वी देवळात चुळबुळ करणारा मुलगा आता कचनेरला पूजेच्या ताटातला धूप सगळ्यांआधी ओळखतो.

गंमत म्हणजे त्यांचा योम किप्पूर आपल्या क्षमावाणीच्याच मोसमात येतो. पांढरे कपडे, कडक उपवास आणि माणसांकडे आधी क्षमा मागणं. गेल्या वर्षी, २ ऑक्टोबर २०२५ ला, तो नेमका दसऱ्याला आला. त्याच्या आदल्या दिवशी ती छोटी दारात उभी राहून नातवाला म्हणाली, "सॉरी." त्याने हात जोडले आणि पाठशाळेतलं उत्तर दिलं, "उत्तम क्षमा."

दसलक्षणाला अजून वेळ आहे. आठ वाट्या काढून ठेवा आणि एखाद्या दुपारी नातवंडांना डोळे मिटून बसवा.